चालू असेल तर नको

अजूनही महिन्या-दोन महिन्यांतून एकदा माझ्या फोनवर अनोळखी नंबरावरून एखादा फोटो येतो. पत्र्याचं लांबुळकं नळकांडं, खाली दोन पट्ट्या, एका तोंडाला जाडजूड नळी. सोबत लिहिलेलं असतं, 'गावंडे सरांना दाखवा. कुठला आहे, किती जुना आहे?' मी कळवते, सर गेले. पलीकडून जोडलेल्या हातांचं चित्र येतं आणि लगेच पुढचा प्रश्न येतो, 'मग आता कोण ओळखतं?' आता कोणी नाही. अमरावती-अकोल्याच्या पट्ट्यात जुने व्हॅक्यूम क्लीनर ओळखणारा तो एकच माणूस होता.

फोटो माझ्याकडे यायचं कारण एवढंच, की सरांकडे साधा बटणांचा फोन होता आणि तोही दिवसभर वहिनींच्या पिठाच्या डब्यावर पडलेला असायचा. म्हणून जिथे जातील तिथे सर माझा नंबर देऊन यायचे. मला न विचारता. एकदा मी भांडले, "सर, माझा फोन म्हणजे तुमचं ऑफिस आहे का?" तर म्हणाले, "कुंदाताई, बत्तीस वर्षं ऑफिसातच तं होत्या तुमी. आता कावून कंटाळून राहिल्या?"

आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे आणि मी कचेरीत होते. प्रभाकर गावंडे. मूळचे मूर्तिजापूरकडचे, काळ्या मातीतल्या शेतकरी घरातले. उंच, काटकुळे, पांढरा शर्ट, बाह्या मनगटापर्यंत. वर्गातून बाहेर आले की दारातच दोन्ही बाह्या झटकायचे आणि मगच शिक्षकांच्या खोलीत पाऊल टाकायचे. बोलणं मोजकं. काहीही विचारा, पहिलं उत्तर ठरलेलं, "पाहून सांगतो." एका पालकाने विचारलं, सर, आमचा पोरगा पास होईल का? "पाहून सांगतो." हेडमास्तरांनी विचारलं, गावंडे, सहलीला येणार का? "पाहून सांगतो." आम्ही बायका मागे म्हणायचो, या माणसाने लग्नालासुद्धा पाहून सांगतो म्हटलं असेल आणि शोभावहिनी अजून वाट बघत असतील.

असल्या माणसाला जुनी यंत्रं जमवायचा नाद लागावा यात मला पहिली काही वर्षं फक्त गंमत वाटत होती. ते कशासाठी जमवत होते हे मला उशिरा कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकते. ती गोष्ट राखून ठेवून मग शेवटी काढायची, एवढी कारागिरी माझ्यात नाही आणि असती तरी इथे केली नसती.

सरांना एक मुलगी होती. रेणू. तिला लहानपणापासून दमा. डॉक्टरांनी सांगितलं, धुळीपासून जपा. आता वऱ्हाडात राहून धुळीपासून जपायचं म्हणजे पाण्यात राहून कोरडं राहण्यातलाच प्रकार. उन्हाळ्यात वावटळी, हिवाळ्यात कापूस, आणि यांचं घर जिनिंगपासून हाकेच्या अंतरावर. सरांनी कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्याच्या सामानाच्या विक्रीतून एक विलायती व्हॅक्यूम क्लीनर आणला. तेव्हाच तो म्हातारा होता. नावाची पट्टी उडालेली, हिरवा रंग खरवडलेला, खालच्या दोन घसरपट्ट्यांपैकी एकीचा स्क्रू हरवला म्हणून सरांनी तिथे पितळी बसवलेला. आतली कापडी पिशवी फाटली तेव्हा वहिनींनी रेणूच्या जुन्या निळ्या स्कर्टचं ठिगळ लावलं. रोज सकाळी शाळेत निघण्याआधी सर रेणूची खोली त्या यंत्राने झाडून काढायचे. गादी, उशी, पडदे, कोपरे. ती पलंगावर पाय वर घेऊन बसायची आणि आवाजाच्या वर आवाज काढून पाढे म्हणायची.

एके दिवशी सकाळी खोली झाडता झाडता यंत्रातून ठिणग्या उडाल्या, जळका वास आला आणि ते बंद पडलं. त्यानंतर तिसऱ्या दिवशी रेणूला दम्याचा झटका आला. दवाखान्यात नेलं. ती परत आली नाही. चौदा वर्षांची होती.

तेरवी झाल्यावर सरांनी ते यंत्र स्कूटरवर घातलं आणि एका दुकानात 'जुनं द्या, नवं घ्या' चालू होतं तिथे देऊन आले. नवं काय आणलं ते त्यांना आठवतही नव्हतं. मिक्सर असेल. मला एकदाच म्हणाले, "मले त्या मशीनकडे पाहवतच नव्हतं. दगा देल्ला तिनं मले." नातेवाइकांनी रीतीप्रमाणे रेणूचे कपडे वाटून टाकले. पलंग मावशीकडे गेला. कोणा शहाण्याने घराला चुनाही मारून घेतला. सगळं प्रेमानेच. वर्षभराने वहिनी एक दिवस घरातल्या साऱ्या फण्या समोर घेऊन बसल्या होत्या. एकेक दाता उजेडात धरून बघत होत्या. सर घरी आले तर म्हणाल्या, "पोरीचा एक केस नाई राह्यला घरात." आणि मग थोड्या वेळाने, "त्या मशीनच्या पिशवीत असतीन."

त्या वाक्यावर या माणसाने पुढची बावीस वर्षं काढली.

दुकानदाराने सगळा माल एकगठ्ठा अकोल्याच्या कोणाला तरी विकला होता, त्याने पुढे कोणाला, त्याचा पत्ता नव्हता. पण सरांचा हिशेब सरळ होता. ते यंत्र जळलेलं होतं. जळलेलं यंत्र कोणी चालवत नाही. चालवत नाही म्हणून पिशवी भरत नाही, आणि भरत नाही म्हणून कोणी उघडत नाही. म्हणजे ते जिथे कुठे, ज्या कोणाच्या माळ्यावर पडलं असेल, तिथे रेणूच्या खोलीतली शेवटची धूळ अजून आत असणार. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मनात म्हटलं, माणूस वेडा झालाय. घरी आले आणि विचार करकरून दमले. हिशेबात चूक कुठे आहे ते काही सापडलं नाही.

आता त्यांचं ते प्रसिद्ध वाक्य तुम्हाला कळेल. शहरातले एक नावाजलेले डॉक्टर. त्यांना कळलं, गावंडे सर जुने व्हॅक्यूम क्लीनर घेतात. त्यांच्या आजोबांचा एक होता. डॉक्टरांनी तो हौसेने पॉलिश करून घेतला, दिवाणखान्यात टेबलावर मांडला आणि सरांना चहाला बोलावलं. सोबत मी. सर आत शिरले, लांबूनच विचारलं, "चालू हाय काय?" डॉक्टर फुलून म्हणाले, "एकदम चालू! लावून दाखवू?" सर म्हणाले, "चालू असन तं नको." आणि खुर्चीवर बसून चहा बशीत ओतायला लागले. डॉक्टरांचं तोंड पाहण्यासारखं झालं. जिना उतरताना मी म्हटलं, "अहो, निदान छान आहे तरी म्हणायचं." तर म्हणाले, "छान हाय ना. पण तिची पिशवी हजारदा झटकली असन."

अमरावतीत त्यांची टवाळी व्हायची. शाळेतली पोरं तर त्यांना 'हवा मास्तर' म्हणायची. पण शोधता शोधता हा माणूस त्या विद्येत खरोखरच पारंगत झाला. नावाची पट्टी नसलेलं यंत्र ओळखायचं कसं, हे त्यांनी स्वतःच ठरवलं. खटका कसा लागतो, नळी आट्यांनी बसते की नुसती दाबून, पिशवीची कडी तारेची आहे की पत्र्याची, रबर कसं तडकलंय, बुंध्याला रिबिट किती. शंभर पानी वहीत पेन्सिलीने चित्रं काढलेली, एकेका खटक्याची तीन बाजूंनी. पुण्या-नागपूरहून लोक फोटो पाठवायचे, परदेशातूनही एका म्हाताऱ्या गोऱ्याचं पत्र आलं होतं. फोटो पाहून सर सांगायचे, "नळी याची नोहे. दुसऱ्याची लावली." आणि ते बरोबर निघायचं.

पिशवीची धूळ तर ते वाचायचे. जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचं, उकिडवं बसायचं, पिशवी हलकेच उलटी करायची आणि चिमट्याने एकेक गोष्ट वेगळी काढायची. "या घरी शिवणकाम होतं. हे पाहा दोरे." "इथं कुत्रं होतं, पांढरं." मग शेवटी चिमटा खाली ठेवायचे. तो चिमटा खाली ठेवण्याचा क्षण मला बघवायचा नाही. मी कपबशा उचलायच्या निमित्ताने आत जायची.

ही यंत्रं त्यांनी रेणूच्या खोलीतच ठेवली होती. चाळीसेक तरी असतील. सगळी बंद. प्रत्येकाला सुतळीने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली. आणि त्या खोलीत वहिनी शिंदोळीच्या झाडूने झाडायच्या. चाळीस व्हॅक्यूम क्लीनर असलेल्या घरात झाडू! मी एकदा हे बोलून दाखवलं तर वहिनी हसल्या. त्यांना हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही. पुण्याचा एक संग्राहक मोटार घेऊन ही खोली बघायला आला होता. म्हणाला, "सर, कमाल आहे! संग्रहालय करा याचं." सर म्हणाले, "कायचं संग्रहालय? यातली एकबी ती नोहे." त्याला वाटलं, सर विनय दाखवताहेत.

त्यातलीच एक गोष्ट कॅम्पातली. एका बंद बंगल्याची साफसफाई चालली होती. माळ्यावर लोखंडी, टोकाला निमुळतं असं काहीतरी सापडलं. मजूर पळाले. इंग्रजाच्या वेळचा बॉम्ब निघाला म्हणून गर्दी जमली, पोलीस आले. गर्दीतल्या कोणी तरी सांगितलं, आधी गावंडे सरांना बोलवा. सर मला मागे बसवून स्कूटरवरून आले, पोलिसांनी बांधलेल्या फितीच्या आत गेले आणि दोन मिनिटांत वरून ओरडले, "साहेब, बॉम्बले कोणी घसरपट्ट्या लावते काय? झाडू हाय हा. विलायती झाडू!" लोक पोट धरधरून हसले. सर खाली येईनात म्हणून मी वर गेले. त्यांनी वर्तमानपत्र पसरलं होतं. पिशवीत उंदराने घर केलेलं, करड्या लगद्यात तीन गुलाबी पिल्लं. सरांनी ती पिल्लं अलगद झाकणात ठेवली होती आणि लगद्यातला तंतू न् तंतू चिमट्याने विंचरत होते. मी म्हटलं, "सर, खटका तर वेगळा दिसतोय. हे तुमचं मशीन नाही ना?" म्हणाले, "नोहे." "मग उघडलं कशाला?" त्यांनी वर न पाहताच सांगितलं, "पाहून घेतलं." खाली लोक अजून हसत होते. मला त्या लोकांचा इतका राग आला की काय सांगू.

त्यांना स्वतःला रागावलेलं मी एकदाच पाहिलं. शेंदूरजनाघाटला एका संत्रावाल्याकडे तसंच हिरवं, घसरपट्ट्यांचं यंत्र आहे असं कळलं. आम्ही बसने गेलो. बागेत पाहतो तर त्या गड्याने मोटर नवी गुंडाळून घेतली होती, नळी मागच्या तोंडाला लावली होती, आणि हवेच्या जोरावर संत्र्याच्या कलमांवर औषध फवारत होता. डोकं चालवणारा माणूस. मला तर कौतुक वाटलं. सरांनी पट्ट्या पाहिल्या, चारही स्क्रू लोखंडी. म्हणजे हे ते नव्हतंच. तरी विचारलं, "याच्यातली पिशवी कुठी हाय?"

"फेकली ना, सर. तिचं काय काम?"

"तुमाले इचारलं कोणी होतं फेकाले? दुसऱ्याच्या घरचं असते त्याच्यात!" सर एवढ्या मोठ्याने ओरडले की मजूर बायका कामं थांबवून पाहायला लागल्या. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "अहो सर, कचराच होता." सर तिथेच बांधावर बसले. निघताना त्याने बळेच दिलेली संत्र्यांची पिशवी मांडीवर घेऊन ते घरापर्यंत आले. दारात वहिनी उभ्या. सर म्हणाले, "नोहे," आणि संत्री त्यांच्या हातात दिली.

दोन वर्षांमागे, तुळशीचं लग्न होऊन गेल्यावर, माझ्या फोनवर अकोल्याहून फोटो आला. शहराच्या कडेला फुलशेती करणारं कुटुंब. घरातला एक भाऊ इलेक्ट्रिक मिस्त्री होता, तो वारला. त्याची बायको निर्मलाबाई माळा आवरत होती. नवऱ्याने कधी काळी दुरुस्तीला म्हणून घेतलेलं आणि तसंच राहून गेलेलं एक यंत्र निघालं. सुनेने फोटो काढून पाठवला. मी सरांच्या घरी गेले. सर चहा पीत होते. त्यांनी फोटो मोठा करून घेतला, आणखी मोठा करा म्हणाले. डाव्या पट्टीवर एक स्क्रू पिवळा होता.

सरांनी बशी खाली ठेवली, पण ती पाटावर न ठेवता पाटाच्या कडेबाहेर ठेवली आणि चहा सांडला. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मग सर म्हणाले, "चला. आत्ताच जाऊ." मी फोन लावला. निर्मलाबाई म्हणाल्या, "लग्नाची फुलं हायेत ताई, दोन दिवस दिवसभर घरी कोणीच नाई. रविवारी या ना." सर उभेच होते, चपला घातलेल्या. मीच म्हटलं, "बावीस वर्षं थांबलात, तीन दिवस थांबा. लोकांच्या सवडीनं जावं." हे माझंच वाक्य. सर दोनदा म्हणाले, "त्याहीले सांगा, पिशवी उघडू नका म्हणा. खटक्याले हातबी लावू नका म्हणा."

मी घरी येऊन निर्मलाबाईंना पुन्हा फोन केला. कशासाठी हवं आहे ते सांगितलं. लेक गेली, तिच्या खोलीतलं यंत्र आहे. बाई फोनवर रडायलाच लागल्या. "लेकीची वस्तू व्हय काय ती! आमच्या माळ्यावर पडून राह्यली बाप्पा इतके वर्षं!" आता या रडणाऱ्या परक्या बाईला, आम्हाला आतला कचरा पाहिजे, असं सांगायला माझी जीभ रेटेना. ओशाळल्यासारखं झालं. मी म्हटलं, "तुम्ही काही करू नका हो ताई. आहे तशीच असू द्या." त्या म्हणाल्या, "नाई नाई, काई नाई करत."

आपल्याकडे 'काही करू नका' याचा अर्थ काय होतो हे मला साठीच्या बाईला कळायला नको होतं? पाहुणा म्हणतो, काही करू नका, आणि घरात कढई चढते. जितकं जास्त नको म्हणावं तितकं जास्त होतं. मी जन्मभर हेच करत आले आहे, दोन्ही बाजूंनी.

रविवारी आम्ही अकोल्याला पोचलो तेव्हा अंगणात सडा होता. ओसरीत पाट, पाटाभोवती रांगोळी, आणि पाटावर ते यंत्र. धुऊन पुसून लखलखीत. हळदीकुंकू वाहिलेलं, शेवंतीचा हार घातलेला. सरांना अजून काही कळलं नव्हतं. ते पाटासमोर बसले. पितळी स्क्रूवर अंगठा ठेवला. "तीच हाय," म्हणाले. मग खटका दाबला. तो तेल घातल्यासारखा अलगद उघडला. तेल घातलेलंच होतं.

आतली पिशवी पांढरीशुभ्र होती. निळं ठिगळ जिथल्या तिथे. आणि ती भरलेली होती. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, वर घडी केलेला खण.

"लेकीची वस्तू रिकामी कशी देऊ, सर?" निर्मलाबाई पदर डोळ्याला लावून म्हणाल्या. "ओटी भरली तिची. ताई म्हणत होत्या तशीच असू द्या, पण आपल्याले बरं दिसते काय? रिठ्याच्या पाण्यात दोनदा भिजवली पिशवी. काय मळ निघाला!"

सरांचा हात तांदळात होता. तो त्यांनी कितीतरी वेळ बाहेर काढला नाही. मला वाटलं, आता हे ओरडतील, शेंदूरजनाघाटला ओरडले तसे, आणि ओरडले तर बरं होईल. ते म्हणाले, "लय मेहनत घेतली ताई तुमी." मग विचारलं, "आतला कचरा कुठी टाकला?"

"थो काय, शेवंतीच्या वाफ्यात. घरचा सारा केर आमी तिथंच टाकतो."

"कवा?"

"परवा."

वाफ्याला सकाळीच पाणी दिलेलं होतं. सर त्या पांढऱ्या शर्टानिशी चिखलात गुडघे टेकून बसले आणि दोन्ही हातांनी माती उकरू लागले. वर्तमानपत्र नाही, चिमटा नाही. मुठीत माती घ्यायचे, बोटांनी फोडायचे, बघायचे, टाकायचे. निर्मलाबाई घाबरून मला विचारायला लागल्या, "काय हरवलं ताई? सोनं होतं काय त्याच्यात?" मी नाही म्हटलं. सरांनीच मान वर न करता सांगितलं, "केस होते. पोरीचे."

निर्मलाबाईंनी एकदम तोंडावर हात धरला. मग त्या आणि त्यांची सून दोघी पदर खोचून वाफ्यात उतरल्या. मीही उतरले. केस सापडले. खूप सापडले. प्रत्येक ढेकळात सापडत होते, लांब, काळे, मातीने माखलेले. सरांचा चेहरा उजळत चालला होता आणि मी निर्मलाबाईंकडे पाहिलं तर त्या माझ्याकडे बघायला तयार नव्हत्या. शेवटी त्याच बोलल्या. "सर, कसं सांगू. मी, सून अन् जाऊ, आमी तिघी जणी इथंच विंचरतो. गुंतवळ याच मातीत टाकतो. झाडाले चांगलं म्हणून."

सरांनी मुठीतले केस त्यांच्यापुढे धरले. "यातले तुमचे कोणते? पाहून सांगा ताई."

त्या बाईने खरोखर पाहिले. एकेक हातात घेऊन पाहिले. मग रडत म्हणाल्या, "मले नाई ओळखू येत हो."

जो माणूस एका रिबिटवरून यंत्राचा कारखाना सांगायचा, तो ते केस हातात घेऊन त्या चिखलात तसाच बसून राहिला. मग त्यांनी पिशवीतला खण काढला, मिळाले तेवढे सगळे केस मातीसकट त्यात घेतले आणि गाठ मारली. यंत्र मी उचललं. त्यांनी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

बसमध्ये गाठोडं त्यांच्या मांडीवर होतं. मूर्तिजापूर मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, "तुमी सांगतलं होतं ना त्याहीले? उघडू नका म्हणून?"

मी म्हटलं, "तशीच असू द्या, असं सांगितलं होतं."

ते म्हणाले, "मंग बरोबर हाय. त्याहीची काय चूक?" आणि खिडकीबाहेर बघायला लागले. मी खोटं बोलले नव्हते. पण पिशवी हा शब्द मी तोंडातून काढला नव्हता, खटका हा शब्दही नाही, आणि ते मी त्यांना सांगितलं नाही. नंतरही नाही. पुढच्या उन्हाळ्यात सर गेले. मधल्या काळात मी त्यांच्या घराची वाटच टाळली. दोन गल्ल्या वळसा घालून भाजीला जायची.

म्हणून त्या रविवारची दुपार हीच माझी त्यांची शेवटची भेट. चार वाजले असतील. सरांच्या घरी ओसरीत ऊन आलं होतं. वहिनी पायरीवर बसल्या होत्या, आम्ही येईपर्यंत हललेल्या दिसत नव्हत्या. सरांनी त्यांच्यासमोर खण उघडला आणि इतकंच म्हणाले, "यात असतीन. पण दुसऱ्याचेबी हायेत." वहिनींनी आतून वाडग्यात पाणी आणलं. एकेक केस त्या पाण्यातून काढून सर पांढऱ्या पंच्यावर आडवा ठेवू लागले. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर वहिनींना बारीक दिसत नव्हतं, म्हणून त्या तो उचलून डोळ्यांपाशी न्यायच्या, उन्हाकडे धरायच्या, बोटांमध्ये घोळून पाहायच्या. त्यांना घाई नव्हती. मी यंत्र दाराशी ठेवलं. माझ्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं. फाटक लावून घेताना मला मागून सरांचा आवाज आला.

"हा?"

"नाई."

"अन् हा?"

वहिनींनी या वेळी जास्त वेळ घेतला. मी फाटकाच्या कडीवर हात ठेवून थांबले.

"नाई," त्या म्हणाल्या, आणि सरांनी तो बाजूला ठेवून दुसरा उचलला.